ऑटोमॅटिक फ्लॅशचं औक्षण

अक्षताच्या साखरपुड्याला बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा की नाही, यावरून तिरोडकरांच्या घरात श्रावणात जुंपलेलं भांडण नवरात्रात संपलं, आणि त्यात पद्मजा हरली. हरली म्हणजे कंटाळली. अवधूत तिरोडकरांशी वाद घालून कोणी हरत नसे, समोरचा माणूस दमून दुसऱ्या खोलीत जाई.

"घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?" हे अवधूतचं पालुपद. टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात तारांच्या जंजाळात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर कॅमेऱ्याच्या नादी लागला होता. कॅमेरा नवा होता, डिजिटल. पण त्याच्या डोक्यावर चढवायचा फ्लॅश मात्र जुना, विटेएवढा आणि विटेच्याच वजनाचा. नव्या कॅमेऱ्याला जुन्या फ्लॅशचा झटका बसू नये म्हणून मध्ये त्याने स्वतःच्या हाताने एक छोटं सर्किटही बसवलं होतं. तो फ्लॅश ऑटोमॅटिक आहे, ही गोष्ट लालबागच्या त्या बिल्डिंगमध्ये तिन्ही मजल्यांना पाठ होती.

"आमच्या लग्नातही घरातलाच होता," पद्मजा म्हणायची.

त्यांच्या लग्नात फोटो काढले होते ते अवधूतच्या थोरल्या भावाने. अल्बममध्ये पद्मजाच्या आईचा एकच फोटो होता, पाठवणीचा. त्यात आईच्या हातातलं निरांजन स्पष्ट दिसत होतं, पैठणीचा काठ दिसत होता, आणि मानेच्या वर नुसता काळोख होता. आई पुढे दोन वर्षांत गेली. त्या काळोखात आईचं तोंड कसं असेल, हसत होती की रडत होती, हे आठवून बघण्यात पद्मजाने अर्धा संसार घालवला होता. ही गोष्ट तिला अजून झोंबत होती आणि ती तसं बोलूनही दाखवत होती.

"मला अक्षताबरोबर एक फोटो हवाय. दोघींची तोंडं दिसतील असा. एक. बाकी तुमचं काय ते चालू दे."

"दादाचा फ्लॅश मॅन्युअल होता, पद्मा. हा स्वतः विचार करतो."

"घरात कोणीतरी करतंय, बरंय," पद्मजा म्हणाली आणि दुसऱ्या खोलीत गेली.

साखरपुडा दसऱ्याला संध्याकाळी, घरातच, मोजक्या माणसांत ठरला होता. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी घरात एकीकडे श्रीखंड, दुसरीकडे झेंडूचं तोरण आणि तिसरीकडे शस्त्रपूजा असा तिहेरी गोंधळ होता. तिरोडकरांची शस्त्रं म्हणजे पद्मजाचं शिवणयंत्र, विळी, अक्षताचा लॅपटॉप, अवधूतचे स्क्रूड्रायव्हर, आणि पाटावर मध्यभागी, लाल कापडावर, कॅमेरा नि फ्लॅश. पद्मजाने हळदकुंकवाची कोयरी घेऊन सगळ्यांना भराभर बोटं लावली.

"वर्षाचा सण, एवढंसं काय लावतेस?" अवधूत म्हणाला. "नीट लाव की ठसठशीत."

"पुऱ्या तेलात आहेत माझ्या!" म्हणत पद्मजा स्वयंपाकघरात पळाली. अक्षताने पूजेचा मोबाइलवर फोटो काढला आणि आंघोळीला गेली. अवधूत तेव्हाही पाटासमोर वाकूनच उभा होता.

संध्याकाळी नायगावहून राऊळ मंडळी आली. नवरदेव उन्मेष, त्याचे वडील आनंदराव, आई सीमाताई आणि आजी गंगुबाई. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे त्या नऊवारी नेसून वर मोठा काळा चष्मा लावून बसल्या होत्या. दारातच अवधूतने हातात परडी घेऊन पाहुण्यांचं स्वागत केलं. परडीत फुलं नव्हती.

"मोबाइल इथे ठेवा, प्लीज. फोटोची व्यवस्था घरची आहे. मोबाइलवाले मध्येमध्ये हात घालतात, माझी फ्रेम बिघडते."

आनंदरावांनी सूनबाईंच्या घरी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मोबाइल परडीत टाकला. बाकीच्यांनीही टाकले. अक्षतानेसुद्धा नाक मुरडत टाकला. परडी कपाटावर चढली, आणि त्या संध्याकाळचे सगळे फोटो एकट्या अवधूतच्या भरवशावर आले. पद्मजाला तेव्हाच धाकधूक वाटली होती, पण तोवर पेढे मांडायचे होते.

पहिला फोटो सगळ्या पाहुण्यांचा. अवधूतने बटण दाबलं आणि खोलीत सूर्य उतरला. तोरणातले झेंडू क्षणभर पांढरे झाले. आजी कोचावरून अर्ध्या उठल्या.

"अगो बाय! माका वाटला ईज पडली!"

"काही नाही, आजी, फ्लॅश आहे," अवधूत म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघू लागला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. पद्मजाने त्याच्या खांद्यावरून डोकावलं. फोटोत पांढरं शुभ्र आकाश होतं. त्यात आनंदरावांची मिशी होती, सीमाताईंच्या दोन भुवया होत्या आणि आजींचा काळा चष्मा कोणाच्याही आधाराविना हवेत लटकत होता.

"अहो, माणसं कुठायत?" पद्मजाने दातओठ खाऊन विचारलं.

"जरा जास्त झाला उजेड. पुढचा बरोबर येईल. ऑटोमॅटिक आहे, तो शिकतो."

पुढचा फोटो म्हणजे अक्षता उन्मेषला पेढा भरवताना. अक्षताने पेढा उन्मेषच्या तोंडाशी नेला, उन्मेषने आ केला, आणि अवधूत ओरडला, "थांबा! दिवा लागू दे!" फ्लॅशच्या पोटातून डास कानाशी घोंगावावा तसा बारीक आवाज यायला लागला. तो येतच राहिला. उन्मेषचा आ तसाच. पेढ्याचा एक तुकडा सुटून त्याच्या सदऱ्यावर पडला. शेवटी फ्लॅशच्या पाठीवरचा नारिंगी दिवा एकदाचा लागला, बटण दाबलं गेलं, पुन्हा ईज पडली आणि आजींनी चष्म्यावरून पदर ओढून घेतला. पडद्यावर एक पेढा होता. तोही पांढरा.

"काका, फ्लॅशशिवाय काढून बघा ना," उन्मेष नम्रपणे म्हणाला.

"या ट्यूबलाइटच्या उजेडात? सगळे काविळीचे पेशंट दिसतील."

"मग सेटिंग हाताने कमी करायचं?"

"अरे, हाताने करायचं तर ऑटोमॅटिक कशाला घेतला?" अवधूतचा आवाज चढला. तरी जावयाचा मान म्हणून त्याने सेटिंग कमी केलं. त्या फोटोत पुढे बसलेला उन्मेष पिठात लोळल्यासारखा आला आणि मागच्या खुर्चीतल्या आजी अंधारात गडप झाल्या. पद्मजाने पडद्यावर बघितलं. मानेच्या वर काळोख. घराण्याची परंपरा पुढे चालू होती.

सेल बदलून झाले. कपाटातले नवे सेल घातले, मग भिंतीवरच्या घड्याळातला काढला, टीव्हीच्या रिमोटमधले काढून बघितले तर ते मापात बसेनात. सगळा वेळ अवधूत फ्लॅश छातीशी पालथा धरून पाठीकडून खुडबुड करत होता. आता ही शांतता जीवघेणी झाली म्हणून असेल, किंवा व्याह्यांशी काहीतरी बोलावं म्हणून असेल, आनंदरावांनी जो प्रश्न विचारायला नको होता नेमका तोच विचारला.

"साहेब, हे ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय करतं हो?"

पद्मजाने डोळे मिटून घेतले. अवधूतची कळी खुलली.

"सोप्पं आहे. आपल्या बिल्डिंगचं पाणी बघा. खाली नळाला धार बारीक, मग आपण काय करतो? पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवतो. तसे हे सेल म्हणजे बारीक धार. आत एक सर्किट आहे, ते गुणगुणतं ना, तो पंप. तो व्होल्टेज वाढवून कपॅसिटरमध्ये भरतो. तीनशेच्या वर व्होल्ट! कपॅसिटर म्हणजे टाकी. टाकी भरली की हा नारिंगी दिवा लागतो. आता बटण दाबलं की एक छोटी कॉइल पुढच्या नळीला हजारो व्होल्टचा चिमटा काढते. नळीतला वायू जागा होतो, आणि टाकी धाडकन त्याच्यातून रिकामी होते. तो लखलखाट."

"वा," आनंदराव म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण त्यातला सेल अवधूतने काढला होता.

"पण सगळीच टाकी ओतली तर काय होईल? जवळच्या माणसाचा चेहरा धुऊन जाईल. म्हणून इथे पुढच्या बाजूला एक डोळा असतो." अवधूतने फ्लॅश पाहुण्यांकडे तोंड करून धरला आणि स्वतः पाठीकडून बघत बोट पुढे वळवून चाचपत दाखवलं. "वाटाण्याएवढा. समोरच्या माणसावरून परत आलेला उजेड तो मोजतो. बादली भरली रे भरली की आपण नळ बंद करतो ना? तसा याने इशारा दिला की थायरिस्टर नावाचा पार्ट नळ बंद करतो. पापणी लवायच्या आत! उरलेलं पाणी टाकीत शिल्लक, म्हणून दिवा पुन्हा लगेच लागतो. आणि डोळ्याला काही दिसलंच नाही, तर तो बिचारा समजतो की समोर काळोख आहे. मग टाकी पूर्ण ओततो आणि पुन्हा भरायला हा एवढा वेळ."

पद्मजा पाहुण्यांच्या बाजूला उभी होती. तिने फ्लॅशच्या पुढच्या अंगाकडे बघितलं. अवधूतचं बोट जिथे टेकलं होतं तिथे वाटाणा नव्हता. तिथे रुपयाएवढं, ठसठशीत, वाळून घट्ट झालेलं कुंकू होतं.

सकाळी तिनेच सगळ्या शस्त्रांना बोटं लावली होती. विळीला, मशीनला, लॅपटॉपला, आणि फ्लॅशला. घाईत नेमकं कुठे लावलं ते काही तिला आठवेना, पण दुसरं कोण लावणार? यंत्राचा डोळा तिनेच लिंपला होता. पाहुण्यांना ते कुंकू केव्हाचं दिसत होतं, पण दसऱ्याच्या दिवशी यंत्राला कुंकू असायचंच, त्यात कोणाला काय वाटणार? आणि अवधूत मघापासून यंत्राच्या पाठीशीच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आता सरळ सांगून टाकावं, "अहो, तिथे कुंकू लागलंय, पुसा," असं कोणीही म्हणेल. पण ज्याने म्हणायचं त्याने आधी अवधूत तिरोडकरांशी संसार करावा. फार वर्षांपूर्वी पद्मजाने चुकून गरम इस्त्री ओल्या टेबलावर ठेवून जाळली होती. ती गोष्ट अवधूत अजून पाहुण्यांना सांगे, दरवेळी थोडी वाढवून. अलीकडच्या आवृत्तीत ती इस्त्री तिने बादलीत बुडवली होती. मग साखरपुड्याचे फोटो कुंकवाने घालवले, ही गोष्ट तर लग्नात, बारशात, नातवाच्या मुंजीपर्यंत पुरली असती. शिवाय समोर सीमाताई बसलेल्या. छे, कुंकू पुसायचं, पण त्याला कळू न देता.

ती पदराचं टोक घेऊन पुढे झाली. "धूळ बसलीय हो, जरा पुसते."

"हात लावू नकोस!" अवधूत किंचाळला. "तीनशे व्होल्ट आहेत आत!"

तिने पाण्याचा ग्लास आणला. पाणी प्यायला तरी तो फ्लॅश खाली ठेवेल, असा तिचा हिशेब. अवधूतने तो काखेत दाबला आणि दुसऱ्या हाताने पाणी प्यायला. काखेत दाबताना कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि त्याच्या बगलेत ईज चमकली. ग्लास उडाला आणि सगळं पाणी आनंदरावांच्या मांडीवर गेलं.

"चालतंय, चालतंय," आनंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आता ते चालत नव्हतं.

"मम्मी, तू पप्पाला आवर," अक्षता कुजबुजली. "आम्ही कधीपासून अंगठ्या धरून बसलोय."

तेही खरं होतं. नारिंगी दिवा लागल्याशिवाय अंगठी घालायची नाही, असा अवधूतचा हुकूम होता, आणि उन्मेष अक्षताचं बोट एका हातात नि अंगठी दुसऱ्या हातात धरून पुतळ्यासारखा बसला होता. त्याच्या कपाळावरून घामाची धार नाकापर्यंत आली होती.

"तसाच थांब, बाळा. दोन मिनिटं," असं म्हणून अवधूतने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्यालाही सकाळचं कुंकू होतं. त्याने टेबलावर रुमाल पसरला, फ्लॅश त्यावर पालथा घातला आणि पाठ उघडली. पद्मजाने एक उसासा सोडला. डोळा आता रुमालात तोंड खुपसून पडला होता.

"आत हात घालायच्या आधी टाकी रिकामी करावी लागते, नाहीतर माणूस खलास," अवधूतने आनंदरावांना समजावलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत टेकवलं.

धाड!

फटाका फुटावा तसा आवाज झाला. आजी "देवा महाराजा!" म्हणाल्या. सीमाताईंनी कानांवर हात ठेवले. आणि इतका वेळ ताणून धरलेल्या उन्मेषच्या हातातून अंगठी सुटली, पाटावर टणकन आपटली आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेली.

पुढचा काही वेळ त्या घरात साखरपुड्याऐवजी शोधमोहीम चालली. नवरदेव जमिनीवर पालथा, ओल्या पँटीचे आनंदराव त्याच्याशेजारी ओणवे, आणि अक्षता शालूचा ओचा सावरत केरसुणीने कपाटाखाली ढोसतेय. कपाटाखालून एक हरवलेला मोजा, एक वाळलेलं लिंबू आणि शेवटी जळमटात गुंडाळलेली अंगठी निघाली. सीमाताईंनी ती फुंकून पुसली, पण त्यांचा चेहरा काही निवळला नाही.

"अंगठी पडणं काही बरं नव्हे हो," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यात हे चांगलं मानत नाहीत."

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्मजाने ते पाहिलं आणि तिचा संताप आता नवऱ्यावरून निघून सगळ्या जगावर गेला. पांढरे फोटो, ओला व्याही, रडवेली लेक, आणि वर अपशकुन. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक बोटभर कुंकू. अवधूत इकडे फ्लॅशची पाठ पुन्हा बसवून "सर्किट एकदम ओके आहे, मला कळत नाही काय झालंय," असं पुटपुटत होता.

तेवढ्यात पद्मजाची नजर देवासमोरच्या औक्षणाच्या तबकावर गेली. निरांजन, सुपारी, अक्षतांचे दाणे, कुंकू. ती तरातरा गेली, तबक उचललं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, यंत्र रुसलंय. आज दसरा. सकाळी पूजेत माझ्याकडून काहीतरी राहिलं. ओवाळते त्याला."

"काय? पद्मा, हे सर्किट आहे! याला ओवाळून काय होणार?"

"ओवाळू द्या, भाऊ," सीमाताई एकदम उठून म्हणाल्या. त्यांना अपशकुनावर कुठलातरी उतारा हवाच होता. "देवाधर्माला नाही म्हणू नये. तुम्ही फक्त धरा."

"धर रे, मेल्या," आजींनी पदराआडून दुजोरा दिला. "मशीन झाला म्हणान काय झाला? त्येका पण जीव असता."

विहीणबाई आणि त्यांच्या सासूबाई एका बाजूला झाल्यावर अवधूतचं काय चालणार? अवधूत फ्लॅश दोन्ही हातांत धरून, मान वळवून, खिडकीबाहेर बघत उभा राहिला. विज्ञानाची विटंबना उघड्या डोळ्यांनी त्याला बघवत नव्हती. पद्मजाला नेमकं हेच हवं होतं.

"आधीचं कुंकू पुसून नवं लावायचं असतं," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणत तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि पुसायला सुरुवात केली. कुंकू सहजासहजी निघेना. ती घासत राहिली.

"अगं, ओवाळतेयस की भांडं घासतेयस?" अवधूत खिडकीकडे बघतच म्हणाला.

"मनापासून करावं लागतं," पद्मजा म्हणाली. लाल थर निघाला, आणि खालून वाटाण्याएवढी काळी काच चमकली. तिने पदराच्या कोरड्या बाजूने ती लख्ख केली. मग नवं कुंकू फ्लॅशच्या डोक्यावर, डोळ्यापासून चांगलं लांब टेकवलं, अक्षता वाहिल्या आणि ओवाळलं. सीमाताईंनी हात जोडले.

"झालं समाधान? बघा आता, काही फरक पडणार नाही," अवधूतने फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला. "घाल रे बाबा अंगठी."

उन्मेषने अंगठी घातली. अवधूतने बटण दाबलं. या वेळी खोलीत सूर्य उतरला नाही. चांदणं सांडावं तसा हलका उजेड झाला आणि विरला. डासाचा आवाज सुरू होताच थांबला, आणि नारिंगी दिवा लगेच लागला. अवधूतने पडद्याकडे बघितलं. मग फ्लॅशकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

फोटोत अक्षता होती. तिच्या बोटांवरची मेंदी होती, गालावरची खळी होती, उन्मेषच्या नाकावरचा घामाचा थेंबही होता.

"पावला!" सीमाताई ओरडल्या. "बघा, पावला की नाही!"

"हा योगायोग आहे," अवधूत म्हणाला. "मघाशी कपॅसिटर डिस्चार्ज केला ना, त्यामुळे..."

"दसऱ्याचा दिवस, तो मान घेतल्याशिवाय चालेल कसा?" आनंदराव म्हणाले. ओली मांडी ते आता विसरले होते.

"अहो, थायरिस्टर..."

"भाऊ, तुम्ही आता काही बोलू नका, नजर लागेल," असं म्हणून सीमाताईंनी फ्लॅशला पुन्हा हात जोडले. आयुष्यभर सर्किटवर श्रद्धा ठेवलेला अवधूत तिरोडकर हातातल्या कॅमेऱ्यासकट तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. एवढी एक गोष्ट सोडली तर संध्याकाळ सोन्यासारखी झाली. आपट्याची पानं वाटली गेली, श्रीखंड संपलं, आजींनी चष्मा काढून एक फोटो काढून घेतला. आणि पद्मजाने अक्षताला जवळ घेऊन स्वतःला हवा होता तो फोटो काढून घेतला. पडद्यावर दोघी दिसत होत्या. लेक हसत होती, आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणीही नीट दिसत होतं. पद्मजा बराच वेळ तो पडदा सोडेना.

मोबाइलची परडी खाली आली, मंडळी निघाली, आणि दारात सीमाताईंनी पद्मजाचे हात हातात घेतले.

"ताई, लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर मुळीच नको बरं का. भाऊंनीच काढायचे फोटो, आणि याच फ्लॅशने. आधी तुम्ही ओवाळायचं. आम्हाला तोच शुभ."

पद्मजा हसली खरी, पण तिच्या पायाखालची जमीन सरकली. लग्नासाठी तिने दादरच्या एका फोटोग्राफरशी गुपचूप बोलून ठेवलं होतं. तिने खणलेल्या खड्ड्यात आता तीच पडली होती, आणि तेही औक्षण करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने मोबाइल उघडला. घरच्या ग्रुपवर अक्षताने दसऱ्याच्या पूजेचा फोटो टाकला होता, त्यावर सगळ्या नातेवाइकांचे नमस्कार आले होते. पद्मजाने आपण कुठे चुकलो ते तरी बघावं म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाट दिसला. लाल कापड दिसलं. फ्लॅश दिसला. त्याच्या डोक्यावर, वरच्या सपाट भागावर, तिचं ते घाईतलं बारीकसं कुंकू होतं. आणि खाली, नेमक्या डोळ्यावर, एक अंगठा कुंकू दाबून बसवत होता. चांगला ठसठशीत. त्या हातात पुष्कराजाची अंगठी होती. ती अंगठी पद्मजाच्या माहेरून जावयाला आली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे काल संध्याकाळभर आपण याच्यासाठी चोरासारखं वागलो? पदर रंगवला, देवाला साक्षी ठेवून थाप मारली, विहीणबाईंना चमत्कार दाखवला, आणि पाप कोणाचं? तो तर गॅलरीत बसून उन्मेषला फोनवर कपॅसिटर समजावत होता.

तिने फोन संपायची वाट बघितली, आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. अवधूतने चष्मा वर-खाली केला. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"म्हणजे काल ओवाळताना तू..."

"आधीचं पुसून नवं लावलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, मी लावलंय. इस्त्रीची गोष्ट आहे ना तुमची."

अवधूत एकदम उठला. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच! चमत्कार-बिमत्कार काही नाही! सर्किट शंभर टक्के बरोबर चालत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं म्हणून टाकी पूर्ण ओतत होतं. थांब, आत्ता फोन करून सांगतो त्यांना!" त्याने फोन उचलला, सीमाताईंचा नंबर काढला, आणि थांबला. डोळ्यावर कुंकू होतं हे सांगायचं, म्हणजे ते कोणाच्या अंगठ्याने बसवलं हे पण आलं. त्याने पद्मजाकडे बघितलं. पद्मजा शांतपणे चहा फुंकत होती. इस्त्रीच्या गोष्टीसारखी गोष्ट आता तिच्याकडेही होती, आणि तिच्यापाशी पुरावाही होता.

तेवढ्यात हातातला फोनच वाजला. सीमाताई. पद्मजाने खुणेनेच सांगितलं, स्पीकरवर ठेवा.

"भाऊ, लग्नाचा हॉल ठरतोय. फोटोंचं तुमच्याकडेच धरू ना? फ्लॅश आणाल ना तो?"

अवधूतने एकदा पद्मजाकडे बघितलं, एकदा मोबाइलमधल्या अंगठ्याकडे. मग घसा साफ केला.

"सीमाताई, काय झालंय, आम्ही तो फ्लॅश देवघरात ठेवलाय. आता देवघरात गेलेली वस्तू..."

"नाही नाही, मग नाही काढायची! बरोबर केलंत, भाऊ. मग लग्नाला बाहेरचाच कोणीतरी बघू."

"पद्मजाच्या माहितीत आहे एक. दादरचा," अवधूत पडलेल्या आवाजात म्हणाला. पद्मजाने दादरचं नाव घरात कधी काढलंच नव्हतं. पण ते त्याला कसं कळलं, हे विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

तेव्हापासून तिरोडकरांच्या देवघरात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधोमध, विटेएवढा एक फ्लॅश बसला आहे. सीमाताई आल्या की त्याला आधी नमस्कार करतात. कधीतरी अवधूत त्याच्याकडे आशाळभूतपणे बघतो, काढून एकदा चालवून बघू म्हणतो. म्हणून पद्मजा रोज सकाळी पूजा आटोपताना त्याला कुंकू लावायला विसरत नाही. ठसठशीत, आणि बरोब्बर डोळ्यावर.